समाजमाध्यमांतील लेखनव्यवसाय : कौशल्यविचाराची एक तपासणी

समाजमाध्यमांवरील लेखन हा आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आता उपजीविकेचा एक खरा मार्ग झाला आहे. साहजिकच ह्या व्यवसायास लागणारी कौशल्ये सांगणारे मार्गदर्शनपर वाङ्मयही विपुल निर्माण झाले आहे. मथळा आकर्षक करावा, चित्रफीत नेटकी संपादित करावी, प्रसिद्धीची वेळ साधावी, प्रतिसादाचे आकडे वाचता यावेत, अशी यादी त्यात सामान्यतः आढळते. ही यादी चुकीची नव्हे. ती अपुरी आहे. तिचे अपुरेपण नेमके कोठे आहे, हे पाहणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू.

ह्या कामी मम्मटाचा काव्यहेतुविचार उपयोगी पडतो. ‘काव्यप्रकाशा’त त्याने शक्ती, निपुणता व अभ्यास अशी तीन अंगे सांगितली. निपुणता लोकव्यवहार, शास्त्रे व काव्ये ह्यांच्या अवलोकनाने येते. अभ्यास जाणत्याच्या हाताखाली करावयाचा असतो. विशेष म्हणजे तिन्ही मिळून त्याने ‘हेतु’ हा शब्द एकवचनी योजला आहे. म्हणजे ही तीन स्वतंत्र कारणे नसून एकच कारण होय. जाहिरातीच्या मजकुरास काव्याचा मान द्यावा, असे येथे सुचवावयाचे नाही. लेखनाची सिद्धता कशाने होते हा प्रश्न मात्र दोहोंकडे सारखाच आहे.

प्रथम अभ्यासाचे अंग घेऊ. प्रचलित मार्गदर्शन येथेच अधिक समर्थ आहे. तथापि मराठीच्या बाबतीत तेही तोकडे पडते. ट्विटरने (२०२३ पासून ‘एक्स’) प्रारंभी १४० चिन्हांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बहुतेक भाषांसाठी २८० झाली. परंतु यंत्र अक्षरे मोजत नाही, संकेतचिन्हे मोजते. छंदःशास्त्राच्या दृष्टीने ‘स्त्री’ हे एकच अक्षर. यंत्राच्या हिशेबी मात्र तीन व्यंजने, दोन हलन्तचिन्हे व एक वेलांटी मिळून ती सहा चिन्हे होतात. म्हणून जोडाक्षरांनी लदलेली संस्कृतप्रचुर शैली येथे महाग पडते, आणि ‘घर’, ‘वाट’, ‘काम’ असे सुटे देशी शब्द स्वस्त पडतात. इंग्रजी नमुन्यावरून मथळे बेतणाऱ्यास ही गोष्ट कळावयाची नाही. ज्याने मराठी शब्दांचे वजन जोखले आहे त्यालाच ती कळेल.

निपुणतेचे अंग मात्र ह्या वाङ्मयात जवळजवळ नाहीच. एक उदाहरण पुरे. अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ह्या स्वनियामक संस्थेने १४ जून २०२१ पासून असा दंडक लागू केला, की मोबदला घेऊन केलेली प्रसिद्धी तशी स्पष्ट नमूद केली पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागानेही अशीच मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ही नोंद सोप्या भाषेत असावी, खूणशब्दांच्या गर्दीत दडवू नये, असा त्यांचा आशय आहे. आता ही नोंद मराठीत कोणत्या शब्दाने करावयाची? ‘प्रायोजित’ हा शब्द शुद्ध आहे, पण अनेकांच्या कानांवरून तो नुसता घसरून जातो. ‘जाहिरात’ म्हटले की बाजारातल्या माणसासही उमगते. दोहोंपैकी कोणता निवडावा, हा प्रश्न कायद्याचा आहे, भाषेचा आहे आणि सचोटीचाही आहे. लोकव्यवहार व शास्त्र ह्यांचे अवलोकन म्हणतात ते हेच.

येथे असा आक्षेप येईल, की ह्या व्यवसायात यशाचे माप आकड्यांतच आहे. मग ज्याचे अनुयायी अधिक त्याचे कौशल्य अधिक, असे का मानू नये? ह्याचे उत्तर २९ जून २०२० ह्या दिवसाने दिले आहे. त्या दिवशी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. ज्यांचा सारा लौकिक त्या एकाच मंचावर उभा होता, त्यांचा जमविलेला श्रोतृवर्ग तेथल्या तेथे राहिला. ज्यांस कथन, अभिनय वा बोलीवरील हुकमत साधली होती, त्यांना तीच शिदोरी दुसऱ्या मंचावर नेता आली. ज्यांस केवळ त्या मंचाच्या क्लृप्त्या अवगत होत्या, त्यांच्यापाशी नेण्याजोगे थोडेच उरले. आकडा मंचाच्या मालकीचा असतो, निपुणता लेखकाच्या.

राहता राहिली शक्ती. ती शिकविता येत नाही, हे खरे. परंतु ह्या सबबीवर उरलेल्या दोन अंगांपैकी एकच शिकवावे, हे समर्थनीय नाही. आपल्या विभागांनी ह्या व्यवसायासाठी अभ्यासक्रम योजताना साधनांच्या परिचयाबरोबर बोलींचे श्रवण, जाहिरातविषयक नियमांचे वाचन आणि मजकुराचे कठोर संपादन ह्यांस जागा द्यावी. तसे न केल्यास आपले विद्यार्थी काम मिळवितील, पण दुसऱ्यांनी ठरविलेल्या साच्यांत मराठी शब्द भरण्यापुरतेच. आणि साचा बदलला की त्यांची गरजही संपेल.