बिल्बाओची चमक आणि एक लाल क्रेन

संग्रहालयांच्या इमारतींवर पीएचडी चालू आहे म्हटलं की निम्मे लोक विचारतात, "म्हणजे बिल्बाओ?" हो, म्हणजे बिल्बाओ. उत्तर स्पेनमधलं हे बास्क शहर आमच्या विषयात इतकं उगाळलं गेलंय की त्याच्या नावाने एक 'इफेक्ट'च तयार झाला. गोष्ट सगळीकडे एकच सांगतात : गोद्या बंद पडलेलं, काजळलेलं शहर, १९९७ मध्ये फ्रँक गेरीने नेर्वियोन नदीकाठी टायटॅनियमची झळाळती इमारत उभी केली, पर्यटक लोटले आणि शहर तरलं.

ही गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे.

इमारत चांगली आहे हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्यावर टीका करणारे हे पटकन विसरतात. फोटोत ती खवल्याखवल्यांच्या माशासारखी एकटीच चमकताना दिसते. आराखडा पाहिला तर ती एकटी नाहीच. नदीवरचा 'ला साल्वे' पूल आधीपासून तिथे होता. गेरीने त्याला टाळलं नाही. सर्वात लांब दालन त्याच्याखालून पलीकडे नेलं आणि तिकडे एक मनोरा उभा केला, त्यामुळे वाहतुकीचा साधा पूल संग्रहालयाचाच भाग झाला. दुसरं म्हणजे, शहर वर आणि नदी खाली, म्हणून इथे पायऱ्या उतरून आत जावं लागतं. आपलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आठवा. तिथे बागेतून घुमटाकडे बघत आपण दबकतच पुढे जातो. बिल्बाओत रस्ता सरळ आत ओघळतो. एवढा मोकळेपणा दाखवणारी संग्रहालयं थोडी.

मग अडचण कुठे? टायटॅनियमचे हे पत्रे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ आहेत, आणि सगळं श्रेय त्यांच्या खात्यावर जमा होतं. मेट्रो १९९५ ची, म्हणजे संग्रहालयाच्या आधीची. नदी साफ करण्याचं काम तर त्याहून जुनं. त्या मेट्रोची काचेची वळणदार प्रवेशद्वारं नॉर्मन फॉस्टरने केली, आणि लोक त्यांना लाडाने 'फोस्टेरितो' म्हणतात. माझ्या मते अभिमान मोजायचा तर अशा टोपणनावांनी मोजावा. संग्रहालयापुढचा जेफ कून्सचा फुलांचा अवाढव्य कुत्रा, 'पपी', लोकांना इतका आवडला की मागची इमारत म्हणजे त्याचं खुराडं, असा विनोद तिथे चालतो. शहराने वास्तू आपलीशी केली की अशी थट्टा सुरू होते.

पण सुरुवातीला ती आपलीशी नव्हती. बांधकामाचे सुमारे १० कोटी डॉलर बास्क सरकारचे, वर न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम प्रतिष्ठानला नाव आणि अनुभव यांसाठी आणखी २ कोटी. शहर बेरोजगारीने पोखरलेलं असताना हा करार झाला. होर्खे ओतेइझासारखा मोठा बास्क शिल्पकार कडाडून विरोधात उभा राहिला. 'इफेक्ट'वाल्या सादरीकरणांत हा भाग येतच नाही. पुढे हेलसिंकीत असाच प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या नगर परिषदेने २०१६ मध्ये तो सरळ फेटाळला.

आता संग्रहालयापासून नदीकाठाने थोडं पुढे चला. इथे एउस्काल्दुना हा जहाजबांधणीचा कारखाना होता. तो वाचवण्यासाठी १९८४ मध्ये कामगार पोलिसांशी रस्त्यावर भिडले. कारखाना तरीही बंदच झाला. त्या जागेवर १९९९ मध्ये एक सभागृह आलं, बांधकाम अर्ध्यावर असलेल्या जहाजासारखं, गंजल्या रंगाच्या पोलादाचं. सोरियानो आणि पालासिओस या जोडीची ही इमारत गुगेनहाइमइतकी देखणी नाही, थोडी बोजडच आहे. पण गुगेनहाइमची वळणं जहाजाची नुसती आठवण देतात, आणि ही इमारत कुठलं जहाज, कुणी बांधलेलं, ते नावानिशी सांगते. शेजारी सागरी संग्रहालयाजवळ कारखान्याची एक लाल क्रेन राखून ठेवलीय. तिचं नाव कारोला. त्या नावाची एक बाई रोज नदी ओलांडून कामाला जायची आणि तिला बघायला कामगार हातातलं काम थांबवायचे, असं सांगतात. (हा किस्सा आज वाचताना जरा खटकतो, पण निदान त्यात माणसं आहेत!) पोस्टकार्डावर कारोला क्वचितच येते.

हे सगळं मुंबईतून वाचताना डोक्यात गिरणगाव येतंच. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योग संग्रहालय करायचं महापालिकेचं काम बरीच वर्षं रेंगाळत चाललंय. अशा कामांत 'जागतिक दर्जाचं' हा शब्द फार लवकर येतो, आणि तो आला की मला धास्ती वाटते. तिथे झळाळती इमारत बांधायला पैसा लागेल, तो कदाचित मिळेलही. पण साचे चालवलेली माणसं आज सत्तरीपुढे आहेत. कोणतं यंत्र कुठे होतं, पाळी बदलताना भोंगा कसा वाजायचा, जेवणाच्या सुट्टीत काय चालायचं, हे त्यांना विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत. आर्किटेक्ट नेमण्याआधी हे विचारून घेतलं, तर आराखडाच वेगळा होईल.