पडद्यावरचे ‘ख्रिस्तपुराण’

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यातील राशोल येथे १६१६ साली प्रथम छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा निघाले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो भाविकांनी हाताने उतरवून जपलेल्या पोथ्यांमुळे. अशाच पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. आज तिची पाने संगणकाच्या पडद्यावर कुणालाही विनामूल्य पाहता येतात. हे काम करणाऱ्यांना डिजिटल अभिलेखपाल म्हणतात. त्यांचे ऋण मोठे आहे.

मात्र पाने दिसणे म्हणजे ग्रंथ वाचता येणे नव्हे. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनात आहे. ‘परमेश्वर’मधल्या ‘व’च्या जागी तेथे ‘यू’ हे अक्षर येते. शब्द देवनागरीत लिहून शोधावा तर काही हाती लागत नाही. आजच्या इंग्रजी शाळेच्या वळणाने लिहावा, तरी तेच. उपवासकाळात घरी वाचण्यासाठी एखाद्या मातेला कालवारीचा प्रसंग हवा असेल, तर तिने पानामागून पान उलटीत बसायचे! शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आणि कारिदाद द्रागो यांची १९९६ ची अशा देवनागरी आवृत्त्या आहेत. पण अलीकडच्या ग्रंथांना स्वामित्वहक्काचे बंधन असते. म्हणजे जी आवृत्ती सर्वांना खुली, तीच वाचायला सर्वांत अवघड.

याहून गंभीर उणीव वाङ्मयीन आहे. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील मार्सडेन संग्रहात या पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आहे. छापील रोमन पाठात जेथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मशब्द येतात, तेथे या हस्तलिखितात अनेकदा संस्कृत वळणाचे शब्द आढळतात. मूळ शब्दकळा कोणती, हा वाद मिटलेला नाही, आणि तो केवळ पंडितांचा नाही. आपल्या पूर्वजांनी श्रद्धेची भाषा कशी घडवली, हाच त्यातला प्रश्न आहे. एकच पाठ पडद्यावर ठेवला की वाचकाला हा प्रश्न दिसतच नाही. दोन्ही पाठ ओवीक्रमांकानुसार शेजारी मांडावेत, मूळ वर्णलेखन न बदलता त्याखाली देवनागरी द्यावी आणि शोध दोन्ही लिप्यांतून चालावा. अभिलेखपालाचे खरे कौशल्य छायाचित्रापेक्षा या मांडणीत लागते.

यंत्र अक्षरे ओळखते, पण जुन्या रोमन वळणात ते वारंवार चुकते. ते तपासायला रोमी कोंकणी सहज वाचणारी माणसे हवीत. आपल्या धर्मग्रामांत ती अजून आहेत. बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे.