फेकून देण्याजोगी कला: मास्टा एसच्या शाळेतून

गेल्या वर्षी एका मंगळवारी दुपारी माझी तीन वर्षांची मेहनत डिलीट झाली. नाट्यमय असं काही घडलं नाही. कंपनीनं नवा प्लॅटफॉर्म घेतला होता, जुनं मॉड्यूल बंद करायचं ठरलं होतं आणि ते काढून टाकणारी पुल रिक्वेस्ट तपासायला माझ्याकडेच आली. मी अप्रूव्ह केली. स्क्रीनवर हजारो ओळी लाल झाल्या आणि गेल्या. दोन महिन्यांनी आमच्या टीममधल्या काहीजणांना एचआरच्या मीटिंगची निमंत्रणं आली. माझं नाव त्यांत नव्हतं, शेजारच्या डेस्कवरच्या मित्राचं होतं. माणसांना 'रिसोर्स' म्हणायची सवय आमच्या धंद्यात सगळ्यांनाच आहे. त्या आठवड्यात तो शब्द मला पहिल्यांदा टोचला.

त्याच आठवड्यात हिंजवडीहून घरी येताना बसमध्ये मी 'डिस्पोजेबल आर्ट्स' लावला. कबूल करतो, नाव बघूनच लावला. डिस्पोजेबल म्हणजे वापरा आणि फेका. कागदी कप, लग्नातल्या प्लेटा, आणि इथे थेट कला. मास्टा एस हे नाव ऐकून होतो, कारण एमिनेमनं आपल्यावर प्रभाव असणाऱ्यांमध्ये त्याचा उल्लेख केलेला आहे. अल्बम मात्र कधी सलग ऐकला नव्हता. ट्रॅफिकच्या कृपेनं त्या दिवशी तासाभराहून मोठा अख्खा अल्बम एका बैठकीत संपला. तेव्हापासून मी तो किती वेळा ऐकला याचा हिशोब ठेवलेला नाही. पण त्याच्याबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते वाचताना दरवेळी काहीतरी खटकतं. हा लेख त्या खटकण्याबद्दल आहे.

आधी थोडी ओळख. मास्टा एस ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातला, जन्म १९६६चा. १९८८मध्ये निर्माता मार्ली मार्लच्या 'द सिम्फनी' या गाण्यात चार रॅपर्स एकामागून एक येतात. पुढे मोठी झालेली बिग डॅडी केन आणि कूल जी रॅप ही नावं त्यात आहेत, आणि सुरुवात करणारा पोरगा आहे एस. १९९०मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. १९९३च्या 'स्लॉटाहाउस'मध्ये त्यानं गँगस्टा रॅपच्या नावाखाली चाललेल्या पोकळ मारधाडीची टर उडवली. १९९५मध्ये 'सिटिन ऑन क्रोम' आला आणि नंतर सहा वर्षं अल्बम नाही. रॅपमध्ये सहा वर्षं म्हणजे एक पिढी. ऑक्टोबर २००१मध्ये 'डिस्पोजेबल आर्ट्स' आला तेव्हा एस ३४ वर्षांचा होता, आणि या संगीतात ३४ म्हणजे पेन्शनीचं वय समजलं जायचं.

त्या वेळचं न्यूयॉर्कही डोळ्यासमोर आणा. ११ सप्टेंबरला, ज्या दिवशी टॉवर पडले त्याच दिवशी, जे-झीचा 'द ब्लूप्रिंट' बाजारात आला होता. जे-झी आणि नास यांचं भांडण पेटलेलं होतं. डिसेंबरमध्ये नासचा 'स्टिलमॅटिक' आला. न्यूयॉर्कचा राजा कोण, हा त्या हिवाळ्याचा प्रश्न होता. या गदारोळात एक जुना माणूस शाळेत नाव घालायची गोष्ट घेऊन आला.

गोष्ट साधी आहे. नायक तुरुंगातून सुटतो आणि ब्रुकलिनला परततो. गल्ली तीच, माणसं तीच, धंदे तेच. इथेच राहिलो तर पुन्हा आत जाऊ, हे त्याला कळतं. म्हणून तो 'इन्स्टिट्यूट ऑफ डिस्पोजेबल आर्ट्स' नावाच्या एका काल्पनिक संस्थेत प्रवेश घेतो, जिथे हिप-हॉप शिकवलं जातं. तिथे त्याला रूममेट मिळतो. त्याचं काम एमसी पॉल बर्मन या पुस्तकी, विनोदी गोऱ्या रॅपरनं केलंय. गोष्टीचा मोठा भाग गाण्यांच्या मधल्या छोट्या संवादांतून, म्हणजे स्किट्समधून, पुढे सरकतो.

समीक्षकांना अल्बम आवडला. खप मात्र झाला नाही. तो काढणारी जेकोर रेकॉर्ड्स ही कंपनी लवकरच बंद पडली आणि अल्बम दुकानांतून गेला. फेकून देण्याजोग्या कलेवरचा अल्बम खरोखरच फेकला गेला. पुढे तोंडोतोंडी त्याचं नाव वाढत गेलं, काही वर्षांनी तो पुन्हा निघाला आणि आज तो 'अंडरग्राउंड क्लासिक' म्हणवला जातो.

इथे माझी पहिली तक्रार. मास्टा एसबद्दल कुठेही वाचा, पहिल्या दोन वाक्यांत 'अंडररेटेड' हा शब्द येतोच. हा शब्द ऐकायला उदार वाटतो, पण त्यात अल्बमबद्दल काहीच नाही. त्यात बोलणाऱ्याबद्दल आहे: जगाला कळलं नाही, मला कळलं. शिवाय त्यात अशी एक समजूत दडलीय की चांगल्या कामाला योग्य तेवढं रेटिंग देणारा कुणी हिशोबनीस कुठेतरी बसलाय आणि त्याच्याकडून एक चूक झाली. 'डिस्पोजेबल आर्ट्स'चं म्हणणं नेमकं उलट आहे. असा हिशोबनीस नाहीच. बाजार वापरतो आणि टाकतो, तुम्ही चांगले असलात तरी. अशा अल्बमला 'अंडररेटेड' म्हणणं म्हणजे कीर्तन संपल्यावर बुवांच्या आवाजाची तारीफ करून अभंग विसरण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट, कथेची. माझा रूममेट (माझ्याही गोष्टीत एक आहे) म्हणाला, "गाणी भारी आहेत रे, पण ती मधली नाटकं कशाला? मी स्किप करतो." हा आक्षेप कथा सांगणाऱ्या सगळ्याच रॅप अल्बमवर घेतला जातो आणि तो खोटा नाही. १९९९मध्ये प्रिन्स पॉल या निर्मात्यानं 'अ प्रिन्स अमंग थीव्ह्ज' काढला. डेमो पूर्ण करायला पैसे नसलेला एक तरुण रॅपर मित्राच्या नादानं ड्रग्जच्या धंद्यात ओढला जातो, अशी ती गोष्ट. तिथे वेगवेगळे रॅपर्स वेगवेगळी पात्रं आहेत आणि गाण्यांतच कथानक घडतं. एक गाणं गाळलंत तर दुवा तुटतो. त्या मापानं एसची कथा विरळ आहे. स्किट्स काढून टाका, जवळजवळ सगळी गाणी आपापल्या पायांवर उभी राहतात.

मी हा प्रयोग करून पाहिला. आमच्याकडे कोड तपासताना एक साधी युक्ती असते: एखादा भाग काढून बघायचा, काय मोडतं ते कळतं. स्किट्स वगळून प्लेलिस्ट केली आणि आठवडाभर तीच ऐकली. काहीच मोडलं नाही. पण काहीतरी बदललं. 'टेक अ वॉक' घ्या. एकटं ऐकलं तर ते वस्तीतून मारलेल्या फेरफटक्याचं, बारकावे टिपणारं गाणं आहे. क्रमानं ऐकलं तर ते नुकत्याच सुटलेल्या माणसाचे डोळे होतात. रोज तिथून जाणाऱ्याला ज्या गोष्टी दिसेनाशा झाल्यात, त्या याला दिसतात, कारण तो काही वर्षं भिंत बघत होता. 'अनफ्रेंडली गेम'मध्ये ड्रग्जचा धंदा अमेरिकन फुटबॉलच्या भाषेत सांगितलाय. सुटं ऐकलं तर हुशारी वाटते. कथेत ऐकलं तर ज्या मैदानातून नायक बाहेर पडू बघतोय त्याचा तो नकाशा ठरतो. 'अल्फाबेट सूप'मधली ए ते झेडची कसरत एरवी नुसती करामत वाटेल, शाळेच्या चौकटीत ती वर्गातला धडा होते. म्हणजे कथा गाण्यांमध्ये नाही, गाण्यांच्या खाली आहे. रूममेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या डोक्यात आहे." तसंही असेल. पण ती माझ्या डोक्यात कुणीतरी ठेवली, आणि ते कामही कथेचंच आहे.

कौतुक करताना दोष झाकू नयेत, म्हणून 'ॲक्नॉलेज'बद्दलही लिहायला हवं. हे गाणं म्हणजे द हाय अँड मायटी आणि बूगी मॅन यांच्यावरचा थेट हल्ला आहे, खरी भांडणं, खरी माणसं. चाहत्यांचं ते लाडकं आहे, आणि शब्दांचा मारा म्हणून ते आहेही जबरदस्त. पण गोष्टीला ते भोक पाडतं. इतका वेळ आपण एका काल्पनिक विद्यार्थ्यासोबत असतो आणि अचानक मास्टा एस नावाचा खरा रॅपर येऊन स्वतःचा हिशोब चुकता करतो. शाळेचा तास अर्ध्यात सोडून मास्तर बाहेर मारामारीला जावेत तसं. ज्या समीक्षणांत या अल्बमची एकसंध म्हणून स्तुती होते, ती या गाण्यापाशी डोळे मिटून घेतात.

पण हीच फट दुसऱ्या एका ठिकाणी अल्बमला वाचवते. 'डिअर डायरी'मध्ये डायरीच एसशी बोलायला लागते. आणि ती त्याला समजून घेत नाही, धुऊन काढते. तू संपलास, तुझे दिवस गेले, आता कोण ऐकतंय तुला, असा तिचा एकूण सूर. आवाज अर्थात एसचाच. कुठल्याही समीक्षकानं त्याच्याबद्दल इतकं कठोर लिहिलं नसेल. इथेही पात्र आणि माणूस एकमेकांत मिसळतात, पण इथे ते मिसळणं खरं वाटतं, कारण रॅपमधल्या बढाईची परंपरा तो स्वतःवरच उलटवतो. ३४व्या वर्षी सहा वर्षांनी परतणाऱ्या माणसाच्या मनात रात्री काय चालत असेल, ते त्यानं आपल्याआधीच बोलून टाकलंय.

आता ती गोष्ट, जी २००१मध्ये कुठल्याच समीक्षकाच्या हातात नव्हती. २०१३मध्ये एसनं जाहीर केलं की आपल्याला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे आणि त्याचं निदान २०००मध्येच झालं होतं. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावरच हल्ला करते. चालणं, तोल, नजर, थकवा, कशावरही परिणाम होऊ शकतो. म्हणजे निदानानंतरच्या वर्षी आलेला हा अल्बम आहे. शेवटचं गाणं 'नो रिग्रेट्स' निरोपाच्या सुरातलं. तेव्हा लोकांना तो दमलेल्या रॅपरचा निरोप वाटला. आज ऐकताना 'टेक अ वॉक' हे नावही वेगळं ऐकू येतं.

इथे माझी दुसरी तक्रार, आणि ही स्वतःवरही आहे. आजाराबद्दल वाचल्यावर मी अल्बम पुन्हा लावला आणि प्रत्येक ओळीत आजार शोधू लागलो. आता बहुतेकजण तसंच ऐकतात. ही किल्ली फार सोपी आहे. एसनं बारा-तेरा वर्षं ही गोष्ट सांगितली नाही. त्यानं तुरुंग, शाळा, डायरी, रूममेट असं सगळं रचलं, म्हणजे आपण त्याच्या दुखण्याकडे न बघता त्याच्या कामाकडे बघावं. आता आपण कामाला दुखण्याचा पुरावा करून टाकलं, तर त्यानं जे टाळलं तेच आपण केलं. मला वाटतं, आजाराची माहिती ऐकणाऱ्यानं जवळ ठेवावी, पण अर्थ म्हणून वापरू नये.

२००४मध्ये 'अ लाँग हॉट समर' आला. ही आधीची गोष्ट आहे, नायक तुरुंगात कसा पोचला याची, आणि ती संपते तिथून 'डिस्पोजेबल आर्ट्स' सुरू होतो. दोन्ही क्रमांनी ऐकून पाहिले. आधी २००४चा लावला तर तुरुंग हा परिणाम होतो, हिशोब जुळतो. आधी २००१चा लावला तर माणूस नुसता दारातून बाहेर येतो, का आत होता ते विचारायच्या आत पुढे चालू लागतो. मला दुसरा क्रम आवडतो. दुसरी संधी देताना आधी फाइल मागायची नसते.

शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला मी अल्बमची लिंक पाठवली होती. तो तेव्हा दिवसाला पाच-सहा ठिकाणी अर्ज करत होता. त्यानं उत्तर पाठवलं, "नाव वाचूनच लागलं रे. नंतर ऐकतो." मला लाज वाटली. ज्याची नोकरी गेली त्याला मी समजूत म्हणून कला पाठवत होतो, आणि माझी तर गेलीही नव्हती. माझ्या डिलीट झालेल्या कोडचं उद्या पुनर्प्रकाशन होणार नाही, तो कुणाचा अंडरग्राउंड क्लासिक ठरणार नाही. एसचा अल्बम परत आला यातून आमच्यासारख्यांना फार दिलासा घेता येत नाही.

मग मी तो का ऐकतो? बहुधा 'डिअर डायरी'साठी. डायरी तिचं सगळं म्हणणं मांडते, एक शब्दही मागे ठेवत नाही, आणि त्यानंतरही अल्बम सुरू राहतो. एस तिला खोटं ठरवत नाही. पुढचं गाणं म्हणतो.

मित्राला तीन महिन्यांनी नोकरी लागली. मागच्या रविवारी त्याचा मेसेज आला: "स्किट्स स्किप करू का?" मी लिहिलं, नको.