‘स्मृतिचित्रे’ आणि धीराचा प्रश्न

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाने ते तत्काळ आपलेसे केले. मात्र कोणी त्यातील विनोदावर आणि घरगुती भाषेवर लुब्ध होऊन ख्रिस्ती धर्म हा त्या संसारातला एक अपघात मानला, तर कोणी त्यात केवळ धर्मांतराची साक्ष शोधली. संकटात माणूस माणसाला धीर कसा देतो, हा या ग्रंथाचा खरा विषय दोघांच्याही हातून निसटला.

या विषयाचे मूळ लक्ष्मीबाईंच्या माहेरी आहे. त्यांच्या वडिलांचे सोवळे मीठ-साखर धुऊन घेण्यापर्यंत गेलेले होते. घरावर आलेल्या भयंकर आपत्तीनंतर त्या गृहस्थांनी पाण्याचा आश्रय केला. पण त्या पाण्याने ना त्यांना शांती दिली, ना मुलांना. दुःखाने माणूस स्वतःभोवती कुंपण घालतो, हे लक्ष्मीबाईंनी लहानपणीच पाहिले.

पुढे 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी प्रथम त्यांचा स्वयंपाक आणि पाणी वेगळेच होते. जातिभेद माणसांनी केला, देवाने नव्हे, हे मनाला पटल्यावरच ते कुंपण पडले. 1900 मध्ये झालेला त्यांचा बाप्तिस्मा मला या निर्णयाहून मोठा वाटत नाही. दुसऱ्याच्या हातचे पाणी ज्याला चालत नाही, तो दुसऱ्याला धीर तरी कसा देणार?

यानंतरचे प्रसंग पाहावेत. काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. टिळक हाती आलेला पैसा वाटून मोकळे होतात, पोरकी मुले घरी आणतात. आणि त्या करुणेचा हिशेब लक्ष्मीबाईंना चुलीपाशी बसून जुळवावा लागतो. त्या कुरकुरतात, भांडतात, हसतात, आणि पान वाढतात. टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला अभंग आणि ओवी दिली, त्यामुळे देवळात बसलेल्या खेडुताला आपल्याच सुरात रडता आले. परंतु अभंग संपल्यावर घरी जाऊन काय शिजवायचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर या गद्यात आहे. पतीचे काव्य आणि पत्नीचे गद्य ही एकाच उपासनेची दोन अंगे होत.

ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळीत मोठा भरणा महार-मांग समाजांतून आलेल्यांचा होता. त्यांची दुःखे येथे येतात ती बहुधा लक्ष्मीबाईंच्या ओटीवरून पाहिलेली. त्यांच्या घरात नव्या धर्माने काय आणले आणि काय आणले नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. ब्राह्मण धर्मांतरिताच्या त्यागाला वाङ्मयात जी जागा मिळाली, ती त्या मंडळीच्या कष्टांना मिळाली नाही. हा दोष एकट्या लेखिकेचा नव्हे. आपल्या साहित्यव्यवहाराचाही आहे.

तरीही या मर्यादेची जाणीव होण्याइतकी दृष्टी आपल्याला याच पुस्तकाने दिली. लक्ष्मीबाई कोणाच्याही वर उभ्या राहून बोलत नाहीत. त्यांना आधी घ्यावे लागले, मग देता आले. ख्रिस्ती मंडळीला काय, किंवा इतर कोणत्याही समाजाला काय, धीर देण्याची दुसरी रीत सापडल्याचे ऐकिवात नाही.