समाधीपाशी थांबलेली कविता

भा. रा. तांबे ह्यांनी झांशीच्या राणीच्या ग्वाल्हेर येथील समाधीवर रचलेली कविता मराठी वाचकांच्या ओठांवर आहे. वाटसरूला थांबवून वीरमरणाचे दर्शन घडविणे, हे विलापिकेचे कार्य ती चोख बजावते. परंतु राणी ग्वाल्हेरला आली कशी, ह्याविषयी ती मौन पाळते. त्या मौनाचा विचार आम्हांस येथे कर्तव्य आहे.

२३ मे १८५८ रोजी काल्पी पडली. १ जून रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी ह्यांना अडविण्यास जयाजीराव शिंदे मुरारनजीक सैन्यासह उभे राहिले. पण त्यांचे बहुतेक सैन्य प्रतिपक्षास मिळाले. शिंदे आग्र्यास निघून गेले. ३ जूनला रावसाहेबांचा दरबार भरला. शिंद्यांच्याच खजिन्यातून फौजेस पैसा वाटला गेला. सर ह्यू रोजने १६ जूनला मुरार घेतली, पाठोपाठ कोटा-की-सरायच्या लढाईत राणी पडली, आणि २० जूनला किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. शिंद्यांची गादी परत आली. किल्ला त्या घराण्यास १८८६ साली, झांशीच्या मोबदल्यात, मिळाला.

आता १ जूनच्या प्रसंगास फितवा म्हणावे की उठाव? शिंद्यांच्या बाजूने तो फितवा, पेशव्यांच्या बाजूने उठाव. आणि शिंदे हे तर मूळचे पेशव्यांचेच सरदार! पेच आहे तो येथे.

तांबे ग्वाल्हेर संस्थानचे राजकवी. म्हणून त्यांचे मौन हा दरबारी संकोच, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. विलापिका एका मृत्यूभोवती फिरते. राणी आणि गोरे ह्यांची झुंज तिला पुरेशी असते. ही त्या काव्यप्रकाराची मर्यादा होय, कवीच्या धैर्याची नव्हे. दोष असेलच तर तो आम्हां वाचकांचा. कवितेची मर्यादा तीच आम्ही इतिहासाची मर्यादा मानली. मारणारा परका असला की अश्रू सहज येतात. समोरासमोर उभी राहिलेली दोन्ही घराणी आपलीच असली की ते अडखळतात.

ग्वाल्हेरच्या त्या वीस दिवसांना न्याय द्यावयाचा, तर पळणारा राजा आणि बाजू बदलणारा शिपाई ह्या दोघांच्याही मनात शिरणारे गद्य हवे. समाधीवर फूल वाहणे सोपे आहे. मुरारच्या मैदानात उभे राहून आपण कोणत्या बाजूस गेलो असतो, हे विचारणे अवघड. तो प्रश्न कवितेने विचारला नाही. कादंबरीकाराने आणि नाटककाराने तो विचारावा.