शाकारणी आणि रंगकाम

मोबाइलची नवी आवृत्ती आली, की नव्या सोयींची यादी आपण हौसेने वाचतो. पण आज्ञावलीची पहिली कसोटी साधी आहे : काल जे चालत होते, ते आज चालते का? २४ सप्टेंबर २०१४ रोजी अ‍ॅपलने आयओएस ८.०.१ ही दुरुस्ती दिली आणि अनेकांच्या आयफोन ६ वरचे नेटवर्कच गेले. ती मागे घेऊन दुसऱ्याच दिवशी ८.०.२ द्यावी लागली. उलट, २०१८ च्या आयओएस १२ ने वेग व स्थैर्य यांवर भर दिला. २०१३ चा आयफोन ५एसही तिने सांभाळून घेतला.

नव्या सोयी जरूर याव्यात. पण त्या सुरक्षेच्या दुरुस्तीशी बांधू नयेत, असे आम्हाला वाटते. नव्याला बिचकणारा माणूस मग दुरुस्तीही टाळतो आणि त्याचा फोन असुरक्षित राहतो. २०२१ मध्ये आयओएस १५ आली, तेव्हा १४ वरच राहून सुरक्षा-दुरुस्त्या घेण्याची मुभा होती. २०२२ च्या सुरुवातीस ती संपली. ती कायम हवी होती.

पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना रंगकामाची सक्ती कोणी करत नाही. मग फोनच्या बाबतीतच ती का? वर्गात मुलांना विचारून पाहा.