ख्रिस्ती श्रद्धा आणि वाडवडिलांचा संप्रदाय

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू आणि परूशी यांचा एक वाद आहे. शिष्य हात न धुता जेवतात, हा परूशांचा आक्षेप. येशूचे उत्तर असे की, धन देवाला अर्पण केले असे म्हणून मुलगा आईबापांच्या पोषणातून सुटतो आणि तुम्ही ते चालू देता. रूढीसाठी ईश्वराची आज्ञा मोडता. तरीही ख्रिस्ती धर्म परंपरेवाचून जगला नाही. पौलाच्या नावाने असलेल्या एका पत्रात मानवी परंपरेविषयी इशारा आहे, तर दुसऱ्यात मिळालेल्या परंपरा दृढ धरण्याचा उपदेश आहे. ल्यूथरने केवळ शास्त्र प्रमाण मानले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये प्रेषितांपासून आलेल्या परंपरेसही शास्त्राइतकाच मान दिला. मग ईश्वराचे कोणते आणि माणसाचे कोणते, हे ठरवावयाचे कसे?

या प्रश्नाच्या प्रकाशात आपले दोन कवी वाचण्याजोगे आहेत. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्यातील मराठीच्या स्तुतीचेच कौतुक आपण फार करतो. खरे धाडस निराळे आहे: हा इंग्रज जेझुइट ओवीचा छंद तर घेतोच, पण स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणावयासही कचरत नाही. छंद आणि शब्द माणसाचे, म्हणून श्रद्धेला वर्ज्य नव्हेत, हे त्याने कृतीने मान्य केले. परंतु हे औदार्य काव्यापुरतेच राहिले. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती कुटुंबांच्या विवाहातील अनेक देशी चालीही निषिद्ध ठरविल्या. पोर्तुगीज चालीरीती मात्र निर्दोष! एका मानवी संप्रदायाने दुसऱ्याला पाखंड ठरविले, एवढाच त्याचा अर्थ.

हे मर्म रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ओळखले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली आणि १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारला. परदेशी मिशनची रीत हीही माणसाचीच, असा त्यामागील विचार. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पण आमच्या मते त्यांची श्रद्धा अभंगांतच अधिक मोकळी होते.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘वैकुंठ’ किंवा ‘माउली’ ही रिकामी भांडी नव्हेत. शब्द आपला जुना अर्थ बरोबर आणतो आणि नव्या श्रद्धेला थोडा आपला रंग देतो. शुद्ध श्रद्धा आणि निव्वळ परंपरा अशी सरळ वाटणी म्हणूनच शक्य नाही. येशूची कसोटीही परंपरेचे वय वा देश विचारीत नाही. ती रीत म्हाताऱ्या आईबापांना उपाशी ठेवते काय, एवढेच विचारते. परमुलखात आपले सणवार जपणाऱ्या वाचकांनीही ती कसोटी आपल्या संप्रदायांना लावून पाहावी.